धूर आत येतो कुठून? कोरड्या हंगामासाठी एकच धागा

फुफाटा (धागाकर्ता)

कोरडा हंगाम लागला की धूर, धूळ आणि कोंदलेल्या सकाळी ठरलेल्याच. दर वेळी तेच प्रश्न दहा धाग्यांवर विखुरतात आणि उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून सगळं एका जागी. अट एकच: आकडा लिहिलात तर तो कशाचा ते लिहा, आणि "हे लावलं, बरं वाटलं" एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका.

आधी धूर आणि धूळ यांची गल्लत काढून टाकू. लाकूड, गवत, पालापाचोळा जळताना जे कण निघतात त्यातले बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतात. डोक्यावरचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. एवढा बारीक कण लवकर खाली बसत नाही. हवेबरोबर फटीतून आत येतो आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतो. रस्त्यावरची, उघड्या माळावरची धूळ त्या मानाने जाडीभरडी. ती नाकाघशात अडकते, कपाटावर बसते आणि फडक्याने निघते. धूर फडक्याने निघत नाही.

सकाळीच हवा सगळ्यात वाईट का, हेही दर वर्षी विचारलं जातं. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. रात्रभराचा धूर त्या झाकणाखाली साठतो. जमीन तापली की झाकण उठतं आणि धूर उंचावर पसरतो. म्हणजे खिडक्या उघडायच्याच असतील तर बहुधा दुपार बरी. बहुधा म्हणतोय, कारण दुपारी सुटणारं वारं आगीकडूनच येत असेल तर हा हिशोब उलटतो.

आता मला हवंय: कोणता आकडा बघायचा, एक खोली नीट कशी राखायची, मास्क, आणि पंख्याला फिल्टर लावून बनवलेल्या डब्याचं खरंखोटं.

वातकुक्कुट

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बाजूला ठेवा, त्यामागचे मायक्रोग्रॅम बघा. निर्देशांकाची पट्टी देशोदेशी वेगळी असू शकते. हवेत पीएम २.५ (२.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण) दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर ते १००, म्हणजे 'समाधानकारक'ची वरची कड. अमेरिकी पट्टीवर तीच हवा साधारण १५४ आणि शेरा 'अपायकारक'. दोन अ‍ॅप वेगवेगळे आकडे दाखवतात तेव्हा त्यातलं एक खोटं बोलतंय असं समजू नका. आधी पट्टी कोणती ते बघा.

आणि सरासरी किती तासांची तेही. धूर दोन तासांत चढतो. २४ तासांच्या सरासरीला त्याची खबर उशिरा लागते. उलटही होतं: हवा निवळून तीन तास झाले तरी सरासरी वरच असते आणि लोक उगाच खिडक्या लावून बसतात. ताशी आकडा मिळत असेल तर तोच बघा.

जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५साठी २०२१ची मार्गदर्शक पातळी २४ तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ मायक्रोग्रॅम आहे. २००५ साली हेच आकडे २५ आणि १० होते. धुराच्या दिवसांत बाहेर १५ गाठणं कुणाच्या हातात नाही, पण एका बंद खोलीत ते जमू शकतं. तेवढंच लक्ष्य ठेवा. सगळं घर स्वच्छ करायला निघालात तर एकही खोली धड राहणार नाही.

मायक्रॉन

+१. घरगुती मीटरबद्दल माझी भर.

हे स्वस्त मीटर कण मोजत नाहीत, वजन तर नाहीच. लेझरचा किरण सोडतात, विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. लाकडाच्या धुरात तो अंदाज बऱ्याचदा वर जातो. पर्पलएअर या मीटरसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दुरुस्तीचं सूत्र दिलं आहे: मीटरचा 'सीएफ १' नावाने दिलेला कच्चा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून सापेक्ष आर्द्रतेच्या टक्क्यांची ०.०८६२ पट वजा, मग ५.७५ मिळवा. मीटर १०० दाखवतोय आणि आर्द्रता ३० टक्के आहे असं धरा. ५२.४ वजा २.६ अधिक ५.७५, म्हणजे साधारण ५५.५. जवळजवळ निम्मं! हे सूत्र त्याच मीटरचं आहे, दुसऱ्या कुठल्या डबीला लावू नका. पण घरगुती मीटरचा आकडा किती फुगू शकतो याची कल्पना येते.

मग मीटर कशाला? तुलनेला. बाहेर आणि आत, दाराची फट बुजवण्याआधी आणि नंतर, फिल्टर चालू आणि बंद. अशा तुलनेत चूक दोन्हीकडे साधारण सारखीच असते, त्यामुळे किती पट फरक पडला ते बऱ्यापैकी खरं निघतं. दोन मीटर असतील तर आधी एक दिवस शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा.

दोन सूचना. या मीटरचा पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) आकडा धुळीच्या दिवशी विश्वासाचा नसतो, जाडे कण त्याच्या इवल्याशा पंख्याने नीट आत ओढलेच जात नाहीत. आणि प्युरिफायरमध्ये बसवलेला मीटर खोलीतल्या सगळ्यात स्वच्छ कोपऱ्यात बसलेला असतो. तो हिरवा दिवा दाखवत असताना पलंगाच्या उशाशी लाल असू शकतं.

फटफजिती

सगळे फिल्टरवर तुटून पडायच्या आत खिडकीचं बोलतो, कारण पैसा तिथे सगळ्यात कमी लागतो आणि फरक सगळ्यात जास्त पडतो.

फट शोधायची रीत: घरातल्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं लावा. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा. आता घर बाहेरची हवा ओढायला लागतं. टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करून बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा, वरचं टोक चिमटीत धरा आणि चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरवा. पट्टी घराच्या आतल्या बाजूला झुकली की तिथे फट आहे. पेन्सिलने खूण करा, पुढे चला. खोलीचं दार उघडं ठेवूनच हे करा, नाहीतर पंख्याची ओढ त्या खोलीत पोचतच नाही.

सरकत्या खिडकीत सगळ्यात मोठी चोरवाट म्हणजे दोन तावदानं मध्ये जिथे एकमेकांवर येतात ती उभी कड. तिथे ब्रशची पट्टी असते, ती चार-पाच वर्षांत झिजून टक्कल पडतं. जुनी पट्टी खाचेतून ओढून काढता येते, नवी त्याच खाचेत सरकवायची. दुसरी जागा खालच्या रुळातली पाणी जायची भोकं. ती कोरड्या हंगामापुरती टेपने बंद करा आणि पावसाआधी आठवणीने उघडा, नाहीतर रुळात तळं साचेल. तिसरी, एसीच्या नळ्या भिंतीतून जातात ते भोक. ते बहुतेक वेळा नुसत्या प्लास्टिकच्या झाकणीने लपवलेलं असतं, बुजवलेलं नसतं. झाकणी काढून पुट्टी भरा. बाकी दाराखालची फट, दारावरचा झरोका, विजेच्या पाईपांची तोंडं.

दाराच्या चौकटीला फोमची पट्टी लावताना लोक दोन चुका करतात. एक, पृष्ठभाग न पुसता चिकटवतात. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. धुळीवर लावलेली पट्टी आठवड्यात लोंबायला लागते. दोन, जाड पट्टी म्हणजे चांगली असं समजतात. दार लावल्यावर फोम साधारण निम्मा दबला पाहिजे. त्याहून जाड असेल तर कडी बसत नाही आणि बिजागरीकडे नवीन फट पडते. रंगवलेल्या भिंतीवर मास्किंग टेप वापरा. पाईपांची जाड टेप निघताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघते.

सगळ्यात महत्त्वाचं: जिथे गॅसचा गीझर, शेगडी किंवा ज्योत असलेलं काहीही चालतं ती खोली हवाबंद करायची नाही. गीझरचा धुराडा बुजवायचा नाही. ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उंटावरून

एवढ्या पट्ट्या आणि टेपा लावून स्वतःला डब्यात कोंडून घ्यायचं? ओले पडदे सोडले, चार कुंड्या आत आणल्या तर काय बिघडलं?

गाळणी_१३

बिघडत काही नाही, घडतही काही नाही. :)

ओल्या पडद्यावर जाडी धूळ थोडी बसते, धुराचा कण हवेबरोबर वळसा घालून निघून जातो. कुंड्यांची ख्याती १९८९च्या नासाच्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता आणि मोजले होते वायू, धूर नव्हे. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला. खिडकी-दारांतून जेवढी हवा आपोआप बदलते तेवढा परिणाम झाडांकडून हवा असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं त्यात निघालं. शोभेसाठी खुशाल ठेवा.

कोंडून घेण्याबद्दल मात्र तुमचा मुद्दा रास्त आहे, त्यावर खाली कुणीतरी लिहीलच. मी आकडेमोड देतो.

खोलीत येणारा धूर आणि काढला जाणारा धूर यांची ही शर्यत असते. समजा बऱ्यापैकी बंद खोली आहे, तासाला तिची अर्धी हवा फटींतून बदलते (०.५). आपोआप भिंतींवर, जमिनीवर बसणारे कण त्याच हिशोबात तासाला ०.२ धरा. बाहेर २०० मायक्रोग्रॅम. फिल्टर नसेल तर आत ठरणारा आकडा २०० × ०.५ ÷ ०.७ (येणाऱ्याला भागिले जाणारं सगळं, इथे ०.५ + ०.२), म्हणजे जवळपास १४०. नुसतं दार-खिडकी लावून बसल्याचं फळ एवढंच! आता तासाला ५ वेळा खोलीची हवा गाळणारा फिल्टर लावा: २०० × ०.५ ÷ ५.७, म्हणजे १७-१८. मग कुणीतरी "जरा हवा येऊ दे" म्हणून खिडकी चार बोटं उघडतं आणि हवा तासाला ३ वेळा बदलायला लागते: २०० × ३ ÷ ८.२, म्हणजे ७३. फिल्टर तोच, वीज तेवढीच. हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात थोडं पुढेमागे होईल, पण प्रमाण असंच राहतं.

प्युरिफायर घेताना बाकी सगळी जाहिरात सोडून सीएडीआर बघा, म्हणजे तो दर मिनिटाला किंवा तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा. धुरासाठी सोपा नियम: खोली जितके चौरस फूट, तितके मिनिटाला घनफूट. १२० चौरस फुटांच्या खोलीला १२०. आकडा तासाला घनमीटरमध्ये छापलेला असेल तर १.७ने भागा. ८ फूट उंचीला यात तासाला साडेसात वेळा हवा गाळली जाते. छत १० फुटांवर असेल तर १५० धरा.

छापलेला सीएडीआर सगळ्यात वरच्या वेगाचा असतो आणि त्या वेगाला यंत्र विमानासारखं घोंघावतं. कुणी झोपत नाही, मग वेग कमी होतो आणि सीएडीआर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. म्हणून खोलीच्या मानाने मोठं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. 'ऑटो'वर विसंबू नका, का ते मायक्रॉन यांनी वर लिहिलंच आहे. खोलीत शिरल्यावर अर्धा तास पूर्ण वेग, मग मधला. तासाला साडेसात वेळा म्हणजे एक फेरी ८ मिनिटांची. प्रत्येक फेरीनंतर साधारण ३७ टक्के उरतं, तीन फेऱ्यांनंतर ५ टक्के. चोवीस मिनिटं.

नवीन यंत्र चालतच नाही अशी तक्रार आली की पहिला प्रश्न: फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढलीत का? हसू नका, सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. दुसरी तक्रार वासाची. हेपा (अतिबारीक कणांसाठीचा दाट फिल्टर) कण धरतो, वायू नाही. वासासाठी सक्रिय कोळसा लागतो आणि तो वजनाने लागतो. जाळीवर शिंपडल्यासारखी काळी भुकटी असेल तर ती काही दिवसांत भरते, आणि नंतर गरम दिवशी धरलेला वास परत सोडते. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका. ओझोन स्वतःच फुप्फुसाला चावतो.

फुफाटा

> हेपा ०.३ मायक्रॉनपर्यंतच धरतो, धुराचे कण त्याहून बारीक असतात

हे एका जुन्या धाग्यावर वाचलं होतं. त्यावर कुणी सांगेल का?

मायक्रॉन

उलट आहे. ०.३च्या आसपासचा कण धरायला सगळ्यात अवघड, म्हणून चाचणी त्या आकाराची. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अतिबारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्यातरी तंतूला चिकटतो. मधल्या आकाराला यातलं एकही नीट लागू होत नाही. त्या सगळ्यात कठीण आकाराला अमेरिकी हेपा ९९.९७ टक्के पकडतो. दोन्ही बाजूंना त्याहून जास्तच.

रणरण

गाळणी_१३ यांनी "कुणीतरी लिहीलच" म्हटलंय, तर लिहितो.

धूर आणि उष्णता एकदम आली तर आधी उष्णता सांभाळा. खोली तापून अंगाची काहिली होत असेल, वृद्ध माणूस किंवा तान्हं मूल असेल, गरगरायला लागलं असेल, तर खिडकी उघडा नाहीतर गार जागी हलवा. धुराचा त्रास बहुतेकांना तासादिवसांनी चढतो, उष्माघात एका दुपारीत गाठतो.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे धुराच्या दिवशी चालवायला हरकत नाही. त्याची जाळी फक्त मोठी धूळ अडवते, त्याला प्युरिफायर समजू नका. खिडकीच्या एसीला बाहेरची हवा घ्यायची किंवा सोडायची झडप असते, तिची दांडी 'बंद'वर आहे ना ते बघा. पाण्याचा कूलर हा धुराच्या दिवसांतला सगळ्यात मोठा घोटाळा: तो चालतोच बाहेरची हवा ओढून, खिडकी उघडी ठेवून. ओल्या पॅडने जाडी धूळ थांबते, धूर सरळ आत. पर्याय नसेल तर ताशी आकडा बघून, कमी धुराच्या वेळेत चालवा आणि झोपायच्या खोलीचं दार वेगळं बंद ठेवा.

घुसमटीचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइडची. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असतो. बंद खोलीत चार माणसं झोपली की १००० कधीच मागे पडतो. हा वायू फिल्टरने कमी होत नाही. म्हणून दिवसातला सगळ्यात बरा तास निवडा, सगळ्या खिडक्या सताड उघडा, दहा-पंधरा मिनिटांत हवा बदलून घ्या आणि बंद करून फिल्टर पूर्ण वेगावर लावा. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं.

एक्झॉस्ट पंख्याचंही तेच. काम झालं की लगेच बंद. तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी धुराची हवा फटींतून आत येते. आणि बंद घरात मच्छर कॉइल, मेणबत्ती, अगरबत्ती, तळण हे सगळं त्या दिवसांपुरतं थांबवा. बाहेरचा धूर अडवून आत नवा कशाला करायचा?

गाळणी_१३

आता घरगुती डबा. अमेरिकेतल्या रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांच्या नावाने २०२०पासून प्रसिद्ध झालेली रचना हीच.

सामान: २० इंची चौकोनी पंखा, २० × २० इंचाचे चार प्लीटेड (घड्यांचे) फिल्टर (मर्व्ह १३, शक्यतो २ इंच जाड; मर्व्ह ही फिल्टरच्या पकडीची प्रतवारी), पंखा ज्या खोक्यातून आला तो पुठ्ठा, रुंद चिकटपट्टी.

फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो. चारही बाण आतल्या बाजूला करून फिल्टर उभे जोडा, चौकोनी विहीर होईल. तळाला पुठ्ठा. वर पंखा, तोंड आकाशाकडे, म्हणजे हवा चारी बाजूंनी फिल्टरमधून आत येऊन वरून बाहेर पडते. सगळे सांधे चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, कोपऱ्यांवर दुहेरी. पंख्याच्या तोंडावर पुठ्ठ्याचं झाकण, मध्ये साधारण १५ इंच व्यासाचं गोल भोक. हे झाकण लोक गाळतात. पंख्याच्या चौकोनी तोंडात पाती कोपऱ्यांपर्यंत पोचत नाहीत, तिथून खोलीतली हवा न गाळता उलटी आत जाते. फटफजिती यांची टिश्यूची पट्टी इथेही कामाची: पंखा चालू करून कोपऱ्यावर धरा, पट्टी आत ओढली गेली तर झाकण हवंच. मग सगळ्या सांध्यांवरून फिरवा.

मर्व्ह १३ फिल्टर ०.३ ते १ मायक्रॉनचे कण एका फेरीत किमान ५० टक्के धरतो. हेपापुढे हा आकडा दरिद्री वाटतो, पण सीएडीआर म्हणजे वाहती हवा गुणिले पकड. चार फिल्टरांचं क्षेत्रफळ मोठं, अडथळा कमी, हवा भरपूर, आणि तीच हवा पुन्हापुन्हा फिरते. याच पंख्याला एक हेपा लावलात तर पंखा दमतो, हवा जवळजवळ थांबते आणि मोटर तापते.

गोल टेबलफॅनच्या मागे एक फिल्टर दोरीने बांधायचा प्रकार सर्रास दिसतो. पाती आणि जाळी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून हवा बाजूने निघून जाते, फिल्टरमधून फार थोडी. दुसरं काही नसेल तरच करा, आणि कडेला पुठ्ठ्याची चौकट घालून सगळी बाजू बंद करा.

जुनाट, खरखरणारा पंखा वापरू नका. मोटर तापली की आपोआप बंद पाडणारा फ्यूज असलेला, नवा घ्या. पडद्यापासून लांब ठेवा, एक्स्टेन्शनच्या गुंडाळीवर चालवू नका, घराबाहेर पडताना बंद करा.

नाकेबंदी

मास्कवर मी.

एन ९५ कापड किमान ९५ टक्के कण धरतं, एफएफपी २ (युरोपी प्रत) किमान ९४. दोन्ही पुरेसे. फरक पडतो कडेला. समजा श्वासातली १० टक्के हवा कडेच्या फटीतून आली. उरलेल्या ९० टक्क्यांतलं ५ टक्के म्हणजे ४.५, अधिक ते १०. एकूण १४.५ टक्के धूर आत. ९५चा मास्क ८५वर आला. सर्जिकल मास्क गालांपाशी उघडाच असतो, तिथे कापड कितीही चांगलं असलं तरी उपयोग मर्यादित. रुमाल ओला केला तरी रुमालच.

लावायची पद्धत: हात धुवा. खालचा पट्टा मानेवर, कानांच्या खाली. वरचा डोक्याच्या मागे उंचावर. नाकावरची पत्ती दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून कडेकडे दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबलीत तर मधोमध टोक उभं राहतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे होतात. मग मास्क तळव्यांनी झाका आणि जोरात श्वास सोडा: डोळ्यांकडे वारा लागला तर पत्ती पुन्हा बसवा, गालाकडे लागला तर पट्टे मागे सरकवा. जोरात आत घ्या: मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. दाढी असेल तर हे सगळं व्यर्थ, खुंटही फट ठेवतात.

उच्छ्वासाची झडप असलेला मास्क धुरासाठी चालतो, गरमी कमी होते. धुऊ नका, सॅनिटायझर मारू नका. त्या कापडावर विद्युतभार असतो, कण धरण्याचं बरंचसं काम तोच करतो आणि तो उतरतो. वापरून झाल्यावर कागदी पिशवीत ठेवा. पट्टे सैल पडले, श्वास जड व्हायला लागला की फेकून द्या.

अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेची मान्यता असलेल्या एन ९५वर 'टीसी-८४ए'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. मुलांसाठी मान्यताप्राप्त असं लिहिलेला एन ९५ दिसला तर तो बनावट समजा, ती संस्था मुलांच्या मास्कना मान्यता देतच नाही. लहान मुलांसाठी उपाय म्हणजे स्वच्छ खोली.

कुठलाच एन ९५ वायू अडवत नाही, कार्बन मोनॉक्साइड तर नाहीच.

उंटावरून

पटलं. मग सकाळचं धावणं?

नाकेबंदी

बसल्या जागी माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, जोरात धावताना ६० लिटरच्या वर, तेही तोंडाने, म्हणजे नाकाची चाळणी बाद. धुराच्या सकाळी अर्धा तास धावणं म्हणजे चार-पाच तास बाहेर बसण्याइतका धूर. खोलीत व्यायाम करा किंवा दुपारचा आकडा बघा.

दम्याचे रुग्ण: रोजचा प्रतिबंधक इनहेलर बरं वाटतंय म्हणून धुराच्या दिवसांत बंद करू नका, आणि पंप संपत आला का ते आधीच बघून ठेवा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर, एक वाक्य सलग बोलता न येणं यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड बाधला असेल तरी तो ९८ दाखवू शकतो.

फटफजिती

गाडीचं राहिलं. हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा, पण तीन-चार जण असतील तर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने चढतो आणि चालकाला पेंग येते. दर दहा-पंधरा मिनिटांनी मिनिटभर बाहेरची हवा घ्या. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डातल्या कप्प्यामागे (ग्लव्ह बॉक्स) असतो. काढून बघा, काळा आणि पानांनी भरलेला निघाला तर बदला.

फुफाटा

राख पडते तिथे साफसफाई कशी? आणि फिल्टर बदलायचा कधी?

गाळणी_१३

राख झाडू नका आणि साध्या व्हॅक्यूमने ओढू नका, दोन्हींत बारीक भाग परत हवेत उडतो. आधी पाण्याचा हलका फवारा, मग ओलं पोछं. राख अल्कधर्मी असते, ओली झाली की हाताला चरचरते, म्हणून हातमोजे आणि मास्क दोन्ही.

फिल्टर: बाहेरची जाळी आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवून लावा. हेपा धुवायचा नाही. मर्व्ह १३ बहुतेक विद्युतभारावर चालतात आणि धुराने तो भार मरतो, तेव्हा हवा पूर्वीसारखीच वाहते पण पकड गेलेली असते. वारा येतोय म्हणजे फिल्टर चालतोय, असं नाही. खरी परीक्षा मीटरची: नवा असताना बंद खोलीत आकडा निम्म्यावर यायला किती मिनिटं लागली ते फिल्टरच्या कडेवर लिहून ठेवा. दर दोन आठवड्यांनी त्याच वेगावर पुन्हा मोजा. वेळ दुप्पट झाली की बदला.

काढताना यंत्र बंद करा, प्लग काढा, मास्क लावा आणि फिल्टर न आपटता जागेवरच मोठ्या पिशवीत सरकवून तोंड बांधा. गॅलरीत नेऊन झटकायचा मोह होतो. झटकलात तर महिनाभर धरून ठेवलेलं सगळं तुमच्याच खिडकीतून परत आत येईल.